वकिली विचारा : व्यापारी दावे, सरकारी आदेश आणि ज्युनिअरची वही

या वेळची बरीचशी पत्रं कायद्याच्या शेवटच्या वर्षातल्या आणि नुकतीच सनद मिळालेल्या वाचकांची आहेत. व्यापारी दावे आणि सरकारविरुद्धच्या रिट याचिका (सरकारी आदेशाला थेट उच्च न्यायालयात दिलेलं आव्हान) यांत करिअर करू पाहणाऱ्यांचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

एलएल.बी.चं शेवटचं वर्ष चालू आहे. हेच काम करायचं तर मुंबईला जायलाच हवं का? (सांगली)

रिटच्या कामासाठी आता नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिथे चालतं. व्यापारी न्यायालयांचा कायदा 2015 चा. 2018 च्या दुरुस्तीनंतर 3 लाखांपासूनचे व्यापारी वाद त्यात येतात, म्हणजे यंत्रसामग्रीची थकलेली बिलं आणि बांधकामाचे करार यांचे दावे जिल्ह्यातही असतात. भागधारकांची भांडणं आणि मोठ्या रकमेचे दावे यांचा भर मात्र अजून मुंबईतच आहे.

आमचं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं जिल्हा न्यायालयात काढावीत. साक्षीदाराचा उलटतपास रोज कानावर पडतो तो तिथे. रिटमध्ये सगळं प्रतिज्ञापत्रांवर चालतं, त्यामुळे थेट उच्च न्यायालयात गेलेल्याला पुढे पुरावा नोंदवायची वेळ आली की घाम फुटतो.

सनदेचा अर्ज बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करायचा. नोंदणी शुल्क खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये ठरवलं आहे. त्यानंतर दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते.

सीनिअरनी पहिल्यांदाच व्यापारी दावा लिहायला दिला आहे. ज्युनिअर कुठे चुकतात? (ठाणे)

बहुतेक वेळा लिहायला बसण्याआधीच. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यातल्या कलम 12-अ प्रमाणे दाव्यापूर्वी मध्यस्थीसाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, फी 1,000 रुपये. समोरचा फिरकलाच नाही तर 'नॉन-स्टार्टर' अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडायचा. मध्यस्थीला तीन महिने मिळतात आणि दोघांची संमती असली तर आणखी दोन. हा काळ दावा लावण्याच्या मुदतीच्या हिशेबातून वगळला जातो, म्हणून अर्जाची आणि अहवालाची तारीख दाव्यात लिहायला विसरू नका. ही पायरी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 मधल्या 'पाटील ऑटोमेशन' निकालात ठरलं. 20 ऑगस्ट 2022 पासून ती गाळून केलेला दावा फेटाळला जातो. तातडीचा अंतरिम दिलासा मागत असाल तर सूट आहे, पण केवळ मध्यस्थी चुकवायला चिकटवलेला मनाईचा अर्ज न्यायाधीशाच्या लगेच लक्षात येतो.

दुसरी अडचण कागदांची. पक्षकार म्हणतो, "हे घ्या, बाकीचं मागाहून देतो." व्यापारी दाव्यात 'मागाहून' चालत नाही. ताब्यातले सगळे संबंधित कागद दाव्याबरोबरच द्यायचे असतात, आपल्याला अडचणीचे असले तरी. नंतर आणायचे तर न्यायालयाची परवानगी आणि पटण्याजोगं कारण लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीत पर्चेस ऑर्डर, चलन, खातेउतारा, जीएसटी विवरणपत्रं, ईमेल हे सगळं मागा आणि काय मिळालं, काय नाही, याच्या यादीवर पक्षकाराची सही घ्या.

व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा. पक्षकारानं मधल्या काळात मोबाइल बदलला तर मूळ फाइल गेलीच, म्हणून त्याच दिवशी बॅकअप घ्यायला लावा.

तिसरी चूक व्याजाची. 'द.सा.द.शे. 18 टक्के' एवढं लिहून भागत नाही. दर कशाच्या आधारे, कोणत्या तारखेपासून, दावा दाखल होईपर्यंत किती रुपये झाले आणि पुढे रोजचे किती, हे सगळं दाव्यात द्यावं लागतं. बरेच दावे रजिस्ट्रीच्या (न्यायालयाच्या कार्यालयाच्या) ऑब्जेक्शनमध्ये अडकतात ते मात्र अगदी साध्या गोष्टीवर: सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाचा कंपनीचा ठराव जोडलेला नसतो.

प्रतिवादीकडून असाल तर समन्स बजावल्याची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, 30 दिवस आणि परवानगीनं व खर्च भरून जास्तीत जास्त 120. 121 व्या दिवशी हक्क संपतो, मग सीनिअर कितीही मोठे असोत.

वडिलांच्या फर्मला एका महापालिकेनं तीन वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं आहे. मी कायदा शिकते आहे. वकील अशा प्रकरणात नेमकं काय तपासतो? (नाशिक)

आदेशाच्या आधी कारणे दाखवा नोटीस पाहतो. 'आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये' एवढंच मोघम वाक्य असेल तर तिथेच धागा मिळतो. काळ्या यादीत टाकण्याचा विचार आहे, हे नोटिशीतून कळायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या 'गोरखा सिक्युरिटी' निकालात सांगितलं आहे. मग खुलासा कधी दिला आणि त्यातल्या मुद्द्यांना आदेशात उत्तर आहे का, ते बघायचं. 'खुलासा समाधानकारक नाही' हे कारण नव्हे. आणि आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रात घालून तो सावरता येत नाही, हे 1978 च्या 'मोहिंदरसिंग गिल' निकालापासून पक्कं आहे.

दुसरीकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा: फी 10 रुपये, प्रतीचे पानाला 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नुसता पत्रव्यवहार मागू नका, टिपणी भागही, म्हणजे अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेले शेरे, मागा. निर्णय खुलासा यायच्या आधीच झाला होता का, हे टिपणीखालच्या सह्यांच्या तारखा सांगतात. माहिती येईपर्यंत याचिका मात्र थांबवू नका. दरम्यान नवी निविदा उघडली आणि काम दुसऱ्याला गेलं की न्यायालय हात घालायला नाखूष असतं.

शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी बेताचं आहे. उच्च न्यायालयात निभाव लागेल का? (परभणी)

लागेल, पण इंग्रजी मसुदा लिहिण्याचा रोजचा सराव हवा. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीतच चालतं. प्रशासकीय कामात मात्र तुमचं मराठी हेच भांडवल आहे. शासन निर्णय, फेरफार, पंचनामे, टिपण्या सगळ्या मराठीत असतात आणि याचिकेला त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. 'मान्यतेस्तव सादर' आणि 'अवलोकनार्थ सादर' यांतला फरक कळणारा ज्युनिअर दुर्मीळ झाला आहे. पहिल्यात वरिष्ठाची मंजुरी मागितलेली असते, दुसऱ्यात कागद फक्त नजरेखालून घालायचा असतो. दुसऱ्याखालची सही कुणी 'मंजुरी' म्हणून पुढे केली तर तिथे बोट ठेवता येतं.

सुरुवातीला पैसे किती मिळतात? (पुणे)

बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर 2024 मध्ये शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये ज्युनिअरला द्यावेत, असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. चेंबरमध्ये रुजू होण्यापूर्वी आकडा स्पष्ट विचारा, लाजू नका.

लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर मुदत 90 दिवसच ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही, तीन महिने. 5 फेब्रुवारी 2026 ला सही केलेली प्रत मिळाली तर मुदत 5 मेला संपते. 90 दिवस मोजले तर 6 मे येते, म्हणजे एक दिवस उशीर. सबळ कारण दाखवलं तर आणखी 30 दिवस मिळतात, त्यापुढे एकही नाही. खरा सापळा उन्हाळी सुट्टीचा. तीन महिने सुट्टीत संपले तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो. पण वाढीव 30 दिवस सुट्टीत संपले, वरच्या उदाहरणात 4 जूनला, तर ती सवलत नाही. अशा वेळी उघडण्याची वाट न पाहता सुट्टीतच ई-फायलिंग करून पोच जपून ठेवा.