शिबिर संपल्यावर मैत्री का विरते?

प्रश्न : गेल्या डिसेंबरात एका आंतरमहाविद्यालयीन शिबिरात ७ दिवस होते. निरोपाच्या रात्री आम्ही गळ्यात पडून रडलो, ६० जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. महिनाभरात तिथं फक्त सुप्रभातचे फोटो उरले, आता कोणी बोलूनच नाही राहिलं. यंदा युवा नेतृत्व शिबिराला निघाले आहे. विदर्भभरातून मुलं-मुली येतील. या वेळी काय करू?
– बी.एस्सी. द्वितीय वर्ष, नागपूर

उत्तर : ते रडणं खरंच होतं. फक्त मैत्री तेवढ्यात पुरी होत नाही. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अंदाज मांडला : ओळखीचं रूपांतर साध्या दोस्तीत व्हायला साधारण ५० तास, मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास लागतात. शेजारी बसून ऐकलेली सत्रं यात धरू नकोस, मोकळ्या गप्पांचाच वेळ धर. असे रोज ४ तास मिळाले तरी ७ दिवसांत २८ होतात. बाकीचे तास घरी परतल्यावरच भरून काढायचे असतात, आणि ते साठांसोबत जमत नाही. तिघी-चौघींवर लक्ष दे.

त्या भेटतात कामाच्या पाळीत. कांद्याची परात मधे घेऊन दोघी बसल्या की डोळ्यांना पाणी, हाताला काम आणि मान खाली. समोरासमोर जे बोलायला संकोच वाटतो ते अशा वेळी सहज निघतं. म्हणून आपल्या कॉलेजच्या मैत्रिणीसोबत राहावं म्हणून पाळी बदलून घेऊ नकोस. हीच चूक सगळ्यात जास्त होते. गडचिरोलीच्या पार टोकाच्या सिरोंच्याहून आलेल्या मुलीला ‘छंद काय?’ विचारण्यापेक्षा ‘घरून किती वाजता निघालीस, किती गाड्या बदलल्यास?’ विचार. तिचं घर, रस्ता, गाव सगळं त्या उत्तरात येईल. रात्री त्यातलं एक-दोन वहीत टिपून ठेव.

बॅगा भरण्याआधी पुढच्या भेटीची तारीख ठरव. ‘भेटू कधीतरी’ला तारीख नसते, म्हणून ती भेट होत नाही. पहिली भेट १५ दिवसांच्या आत हवी. नागपुरातल्यांना सीताबर्डी सोयीची, मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथं मिळतात. तर्री पोहे खाऊन दोन तास आरामात जातात. लांबच्या मैत्रिणीला मात्र मुक्कामालाच बोलव, किंवा तू जा. हिवाळ्यात कुणाच्या तरी शेतात हुरडा असतोच. एका मुक्कामात जेवढं बोलणं होतं, तेवढं महिनाभराच्या मेसेजमध्ये होत नाही. मधल्या काळात आठवड्यातून एक फोन, ठरल्या वारी, २० मिनिटं.

मोठा ग्रुप फोटोंपुरता राहू दे. साठ जणांना लिहिलेलं कुणालाच आपल्यासाठी वाटत नाही, म्हणून कुणी उत्तर देत नाही. एकीलाच लिही, आणि वहीतलं लिही : ‘तुझ्या बहिणीची पोलीस भरतीची मैदानी झाली का?’ उत्तर आलं नाही तर लगेच मन खट्टू करू नकोस. परीक्षा असेल, रेंज नसेल, रिचार्ज संपला असेल. दोन मेसेजनंतर सरळ फोन लाव. तरीही काही नाही, तर राग न धरता सोडून दे.

प्रश्न : मी शिबिरात गटप्रमुख आहे. मुलं आपापल्या कॉलेजच्या टोळीतच राहतात. गट कसे पाडू?
– एक स्वयंसेवक, नागपूर

उत्तर : मुलं पोचण्याआधीच यादी करून ठेवा. आल्यावर गट पाडले की टोळ्या अडून बसतात. गटात ८ जण, एका कॉलेजचे दोनापेक्षा जास्त नाहीत, झोपायच्या खोल्यांनाही हाच नियम. कामाच्या जोड्या तीन दिवस तरी मोडू नका. सगळ्यांची सगळ्यांशी ओळख व्हावी म्हणून रोज गट बदलले, तर नावं पाठ होतात, पण माणूस कुणालाच कळत नाही. संध्याकाळचा एक तास पूर्ण रिकामा ठेवा, त्यात खेळही घुसवू नका. लाजऱ्या मुलांना मंचावर ओढू नका, वाढपाचं काम द्या. पंगतीत ताटागणिक दोन शब्द बोलावेच लागतात. शेवटच्या दिवशी नंबर आणि पुढच्या भेटीची तारीख लिहून घ्यायला अर्धा तास द्या. समारोपाची भाषणं लांबली की नेमका तोच कापला जातो, तेव्हा तो सकाळच्या चहानंतर लगेच उरका.