जांघेतलं अवधाण

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलाच्या जांघेत दुखरी, थोडीशी सुजलेली गाठ आली. सासूबाईंनी हात लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवधाण आलंय, पाय बघ त्याचा." ताई विचारतात, हा 'अवधान'चाच गावठी उच्चार का? आणि नुसतं 'सूज' म्हटलं तर काय बिघडलं?

वापरात हे दोन शब्द अगदी वेगळे आहेत. अवधान राखतात, अवधान सुटतं. अवधाण मात्र येतं आणि उतरतं. तेव्हा शेवटचा ण जपून लिहावा.

'सूज' चूक नाही, पण सूज म्हटलं की माणूस सुजलेल्या जागेकडेच बघत बसतो. अवधाण या शब्दात दुखण्याचं निदानच आहे: गाठ इथे, मूळ दुसरीकडे. पायाला जखम झाली की जांघेत येतं, हाताला झाली की काखेत.

लहानपणी जुवारी नदीच्या काठी कालवं काढताना माझ्या टाचेत शिंपला घुसला. ओरडा बसेल म्हणून मी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी लंगडायला लागलो, जांघेत सुपारीएवढी गाठ. आईने गाठीला बोटसुद्धा लावलं नाही. पाऊल उचलून दिव्यासमोर धरलं, आणि चिखलाने काळी पडलेली ती चीर तिला लगेच दिसली. शब्द ठाऊक होता म्हणून तिला कुठे बघायचं तेही ठाऊक होतं.

शरीरातही तसंच घडतं. पायाकडून वर येणारी लसीका, म्हणजे शरीरात फिरणारा पाणीदार द्रव (लिम्फ), जांघेतल्या ग्रंथींमधून गाळली जाते. जखमेतले जंतू तिथे अडतात, ग्रंथी त्यांच्याशी झुंजते, फुगते, दुखते. बोटाखाली ती सरकते. मूळ जखम बरी झाली की हळूहळू उतरते. मांजराने हातावर ओरखडलं तर काखेतही अशी गाठ येऊ शकते.

शेजारचे शब्दही नेमके आहेत. त्वचेतच पू धरून ठणकतं ते गळू, केसाच्या मुळाशी येतं ते केसतोड, काखेतलं दुखरं गळू म्हणजे काखमांजरी. खोकल्यावर फुगणारी आणि आडवं झाल्यावर आत जाणारी जांघेतली गाठ हा अंतर्गळ, त्याला अवधाण म्हणू नये. तो अडकून एकदम दुखू लागला, उलट्या झाल्या, तर तडक हॉस्पिटल गाठावं. हत्तीरोगातही जांघेतल्या ग्रंथी सुजतात, आणि त्याचे जंतू डासांमार्फत पसरतात.

सगळ्याच गाठींना अवधाण म्हणून गप्प बसू नये, एवढं मला कळकळीने सांगायचंय. न दुखणारी, टणक, जागची न हलणारी, वाढत जाणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न उतरलेली गाठ डॉक्टरांना दाखवावी. ताप आला, जखमेपासून वर लाल रेघ चढली, तर त्याच दिवशी. आणि गाठ चोळू नये, शेकून फोडायला तर मुळीच जाऊ नये.

ताई, मुलाच्या पायाला जखम दिसत नसेल तर बोटांच्या बेचक्या उघडून बघा. पावसात चिखल्या होतात, त्वचा पांढरी पडून चिरते, आणि पोरं खाजवतात पण सांगत नाहीत.