अडखळणं नव्हे, टाळणं मोज

प्रिय मित्रा,

"मी मुळातच बुजरा, म्हणून अडखळतो" असं तू लिहिलंस. तसं नाही ते. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो, पुष्कळदा घराण्यातही असतो. तोतरं बोलणाऱ्यांचा म्हणून काही वेगळा स्वभाव सापडलेला नाही. लोकांत बोलायची धास्ती मात्र अनेकांना बसते, आणि ती बऱ्याच अंशी चेष्टेतून येते.

बोलण्याकडे बघायची दृष्टी मोजता येते. १९७४ साली अँड्र्यूज आणि कटलर या संशोधकांनी एरिक्सन यांची याच विषयावरची प्रश्नावली २४ विधानांवर आणली. प्रत्येकापुढे 'खरं' किंवा 'खोटं' लिहायचं. गुण जास्त, तितका बोलण्याविषयी ग्रह वाईट. तोतरं बोलणाऱ्यांची सरासरी १९ च्या आसपास आली, इतरांची ९ च्या. सफाईदार बोलणाऱ्यांनाही धाकधूक असतेच, तेव्हा शून्याचा हट्ट धरू नकोस.

आठवडाभर किती अडखळलास ते लिहू नकोस, काय टाळलंस ते लिही. न घेतलेला फोन, बदललेला शब्द, हजेरीला नुसता वर केलेला हात. कराड म्हणता येईना म्हणून पुण्याहून त्याच्या पुढच्या ईश्वरपूरचं (पूर्वीचं इस्लामपूर) तिकीट काढलं, तर वरचे पैसेही त्याच वहीत मांड. मग त्यातली सर्वांत सोपी गोष्ट आधी घे.

'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो. अडकलास की तू तो आणखी दाबतोस, हवा मागे कोंडते, मान झटकते. त्याच क्षणी शब्द सुटला की झटक्याची सवय पक्की! यावर अमेरिकी वाचाउपचारतज्ज्ञ व्हॅन रायपर यांची रीत अशी: अडकलेला शब्द कसाबसा पुरा कर, मनात तीन मोजेपर्यंत थांब, मग तोच शब्द जीभ हलकी टेकवून, सावकाश पुन्हा म्हण. पुन्हा अडखळलास तरी चालेल, जोर नको. बहुतेक जण चुकतात ते थांबण्यात. शांतता खुपते, म्हणून घाईने शब्द परत फेकतात, आणि ताण तसाच राहतो. हे अंगवळणी पडलं की अडकलेल्या शब्दाच्या मध्येच जीभ सैल सोडायला शीक.

तोंडी परीक्षेत सुरुवातीलाच सांग, "मी अडखळतो, जरा वेळ लागेल." लपवायचं ओझं तिथेच उतरतं.

वेखंड चाटवायचं तर आजीला चाटवू दे, पण 'महिन्यात पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्याला फी देऊ नकोस. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, वाचाउपचारासाठी तिथे चौकशी कर. जाताना ती वही घेऊन जा.

तुझा,
एक हितचिंतक