कॅम्पसच्या नेटला लॅपटॉप जोडण्याआधी एवढं कर

अरे टेन्शन घेऊ नकोस, सुरुवातीला दोन-तीनच गोष्टी नीट केल्यास तरी पुरे.

सगळ्यात आधी घरच्या नेटवरच सगळे अपडेट मारून घे, कारण कॅम्पसला गेल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच एकदम तुटून पडतात आणि नेट रांगायला लागतं. विंडोज १० असेल तर बघ, त्याचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, जमत असेल तर ११ वर जा. अँटीव्हायरस एकच ठेव, दोन टाकले की एकमेकांत भांडतात, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालतो. आणि बॅकअप, प्लीज, आजच घे.

नवीन लोक हमखास अडकतात ते इथं:

- मॅक अ‍ॅड्रेस (लॅपटॉपच्या वायफाय कार्डाचा ओळख नंबर) रजिस्टर करायचा असेल तर वायफाय सेटिंगमधला 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' त्या नेटवर्कपुरता बंद कर, नाहीतर रजिस्टर एक केलेला आणि लॅपटॉप दाखवतो दुसराच
- एज्युरोमला (युनिव्हर्सिट्यांचं सामायिक वायफाय) नुसतं युजरनेम चालत नाही, पुढे @ आणि युनिव्हर्सिटीचं डोमेन पण लागतं
- सर्टिफिकेटची (नेटवर्क खरंच युनिव्हर्सिटीचं आहे याचा पुरावा) वॉर्निंग आली तर डोळे झाकून ओके करू नकोस, खोटं हॉटस्पॉट पासवर्ड उचलू शकतं
- स्वतःचा राउटर भिंतीतल्या पोर्टला लावू नकोस, राउटरच्या चुकीच्या पोर्टात वायर गेली तर तो शेजारच्यांनाही आयपी (नेटवरचा पत्ता) वाटत बसतो आणि त्यांचं नेट जातं

व्हीपीएन, स्टॅटिक आयपी वगैरे आत्ता डोक्यात घेऊच नकोस. अडलास तर एररचा स्क्रीनशॉट टाक, बघू.