वाचकांचे प्रश्न : डार्टमूरवरचं प्रिन्सटाउन

प्रश्न : मुलगा ब्रिस्टलला असतो, मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. शेरलॉक होम्सच्या कथेतला दलदलीचा माळ, म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्येचं डार्टमूर, पाहायची फार वर्षांची इच्छा आहे. तिथल्या प्रिन्सटाउन गावात तुरुंगाशिवाय काय आहे? आम्ही दोघं साठीचे, पण राजगड चढतो. (वाचक, पुणे)

उत्तर : राजगड चढत असाल तर इथल्या चढाची काळजी नको, धुक्याची मात्र घ्या. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 435 मीटरवर आहे आणि वर्षाला 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला याच्या अडीचपटीहून जास्त पडतो, पण चार महिन्यांत. इथे तो बाराही महिने विभागून येतो, त्यामुळे मे महिन्यातही रेनकोट आणि लोकरीची टोपी पिशवीत हवीच.

गावाचा जन्म एका फसलेल्या शेतीतून झाला. थॉमस टिरिट हे वेल्सच्या युवराजांचे सचिव. त्यांनी 1785च्या सुमारास युवराजांची इथली जमीन कराराने घेतली आणि जवस, धान्य पिकवायचा घाट घातला. जमीन आम्ल, पाणी न निथळणारी, वारा थंडगार. पीक काही उभं राहिलं नाही. मग त्यांनी फ्रान्सबरोबरच्या युद्धातले कैदी ठेवायला इथे तुरुंग बांधण्याची कल्पना मांडली. 1806 ते 1809 या काळात तो ग्रॅनाइटमध्ये उभा राहिला. 1813पासून, ब्रिटनचं अमेरिकेशीही युद्ध चालू असल्याने, अमेरिकन कैदीही आले. 6 एप्रिल 1815ला, म्हणजे अमेरिकेशी तह होऊन गेल्यावर, पहारेकऱ्यांनी गोळीबार केला आणि सात अमेरिकन कैदी मेले. तुरुंग पुढे बरीच वर्षं रिकामा राहिला आणि 1850मध्ये गुन्हेगारांसाठी पुन्हा उघडला. 2024मध्ये रेडॉन या किरणोत्सर्गी वायूमुळे कैद्यांना तिथून हलवलं. ग्रॅनाइटमध्ये मुळातच थोडं युरेनियम असतं, त्यातून हा वायू निघतो आणि बंद खोल्यांत साठत जातो.

गावात पोहोचल्यावर आधी सेंट मायकेल चर्च पाहा. ते याच युद्धकैद्यांच्या हातचं आहे. भर चौकातल्या जुन्या डची हॉटेलच्या इमारतीत आता राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे. 1901मध्ये होम्सकथांचे लेखक कॉनन डॉयल याच हॉटेलात उतरले होते.

प्रश्न : अर्ध्या दिवसात होईल अशी, चुकण्याची भीती कमी असलेली वाट सुचवाल का? (वाचक, नाशिक)

उत्तर : जुन्या रेल्वेची वाट धरा. टिरिट यांनीच प्लिमथकडून घोड्यांनी ओढायची ट्रामवे आणली, ती 1823मध्ये सुरू झाली. वर येताना चुना, खाली जाताना ग्रॅनाइट. 1883मध्ये त्याच मार्गाच्या बऱ्याच भागावरून वाफेची गाडी धावू लागली, ती 1956मध्ये बंद पडली. रूळ गेले, वाट राहिली. उतार मंद ठेवायचा म्हणून मार्ग टेकड्यांना वळसे घालत जातो, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही.

गावातून पश्चिमेला निघालात की तासाभराच्या आत फॉगिनटॉरची खाण येते. आत निळंशार पाणी साठलंय. ते खोल आणि बर्फासारखं गार आहे, पोहू नका. पुढे स्वेलटॉरच्या खाणीजवळ वाटेच्या कडेला बारा घडीव दगड गवतात पडलेले दिसतील. 1903च्या सुमारास लंडन ब्रिजच्या रुंदीकरणासाठी घडवलेल्या तोड्यांपैकी (बाहेर काढलेला भाग पेलणाऱ्या दगडांपैकी) हे उरलेले. पूल पुढे विकला गेला, आज तो अमेरिकेत ॲरिझोनात उभा आहे.

इथे घाई करू नका. आसपासच्या शिळांच्या कडांवर बोटभर रुंदीच्या अर्धगोल खाचांची रांग दिसेल. पाथरवट एका रेषेत भोकं पाडायचे, प्रत्येक भोकात लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पाचर बसवायचे. मग सगळ्या पाचरांवर ओळीने थोडे थोडे घाव. एकाच पाचरेवर जोर दिला तर चीर रेषा सोडून पळते आणि दगड वाया जातो. त्या खाचेत बोट घालून पाहा, गुळगुळीत लागते. शेजारी फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे मोठे स्फटिक दिसतात, ते सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये सहसा असे पाहायला मिळत नाहीत.

प्रश्न : दलदल ओळखायची कशी? लष्कराचा गोळीबार चालतो हे खरं का? (वाचक, रेडिंग)

उत्तर : हो, डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराची सराव क्षेत्रं आहेत. गोळीबाराच्या दिवशी दिवसा लाल झेंडे, रात्री लाल दिवे असतात. वेळापत्रक सरकारी संकेतस्थळावर आधी मिळतं. टॅव्हिस्टॉक–टू ब्रिजेस रस्त्याच्या दक्षिणेला राहिलात तर हा प्रश्न येत नाही, आणि वरची खाणीची वाट दक्षिणेलाच आहे.

दलदलीची खूण म्हणजे पोपटी, मऊ गादीसारखं शेवाळ. तपकिरी गवताच्या माळावर तो रंग उठून दिसतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच पाय टाकतो. पाय रुतलाच तर ओढाताण नको. मागे झुका, वजन पसरवा, टाच हळूहळू हलवत पाय मोकळा करा. गावाच्या आग्नेयेला फॉक्स टॉर मायर्स ही मोठी दलदल आहे. होम्सच्या कथेतली दलदल हिच्यावरूनच सुचली असं मानतात. ती काठावरूनच पाहा.

नॉर्थ हेसरी टॉर या टेकडीवरचा 196 मीटर उंच मनोरा दिशेसाठी उपयोगी पडतो, पण धुक्यात तो आधी गायब होतो. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 28 नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवा, फोनची रेंज सगळीकडे मिळत नाही. बस मोजक्याच असतात, परतीची शेवटची वेळ निघण्यापूर्वीच लिहून घ्या. मोटारीने गेलात तर ताशी 40 मैलांची मर्यादा पाळा: माळावरची तट्टं आणि मेंढ्या रस्त्यावरच उभ्या असतात. तट्टांना काही खायला देऊ नका, त्यानेच ती गाड्यांजवळ येऊ लागतात आणि धडकेत मरतात.