श्वसनविषाणूची वाढ पाहायला शिकताना

कोल्हापुरात एम.एस्सी. करून पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला माझा पहिला सल्ला असा, की विषाणूकडे वळण्याआधी निरोगी पेशी ओळखायला शिका. विषाणू न घातलेला फ्लास्क रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत बुरशी लवकर शिरते आणि तिच्यामुळे मेलेल्या पेशी नवखा माणूस विषाणूच्या खात्यावर टाकतो.

आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, श्वसनमार्गाचा एक विषाणू) पेशीच्या पटलाशी एकरूप होऊन आत शिरतो, स्वतःचे पॉलिमरेज (प्रती काढणारे विकर) वापरून पेशीद्रव्यातच आरएनएच्या प्रती काढतो, आणि त्याचे एफ प्रथिन शेजारच्या पेशींची पटलेही जोडत जाते; त्यातून अनेक केंद्रकांची एकच महाकाय पेशी तयार होते. हे दृश्य मला आजही विलक्षण वाटते. इन्फ्लुएन्झाच्या प्रती मात्र केंद्रकात निघतात, आणि १९५८ साली कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या एमडीसीके पेशींत तो वाढवताना सहसा ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे विकर लागते, कारण हिमॅग्लुटिनिन हे विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन कापले गेल्याशिवाय नवे कण संसर्गक्षम होत नाहीत.

पेशींत विषाणू घातल्यावर सुरुवातीचे काही तास त्यांच्या भोवतीच्या द्रवात नवा विषाणू जवळजवळ सापडतच नाही. त्या काळात आत शिरलेल्या कणांचे कवच उलगडलेले असते आणि नवे कण अजून जुळायचे असतात, तेव्हा प्रयोग फसला असे समजून फ्लास्क टाकून देऊ नका.