पहाटे पाचला कोण उठणार?

मावशी,
आम्ही मनीषनगरला राहतो. डिसेंबरात ह्यांच्या मित्रांनी दुबईचा बेत ठरवलाय. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. चार जोडपी, लेकरू फक्त आमचंच. रविवारी तिथेच तो दोन वर्षांचा होईल. सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा लेकराला काय आठवणार आहे? माझ्याजवळ ठेवून जा." एकीकडे डिंकाचे लाडूही करून राहिल्या. हे म्हणतात, तू उगाच टेन्शन घेते. मला जायचंय, लेकराला घेऊनच जायचंय. पण विमानात तो रडला तर, या विचारानं झोप लागत नाही.
— एक आई

अगं पोरी, त्याच्या बारशाला किती पानं उठली होती? त्यातलं काही आठवतंय का त्याला? तेव्हा हा प्रश्न कुणालाच पडला नाही, मग आताच काऊन पडावा? घेऊन जा.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बेत मित्रांनी ठरवला, टेन्शन घ्यायचं नाही हे ह्यांनी ठरवलं. लेकरू कुणी सांभाळायचं हे कुणीच ठरवलं नाही, म्हणजे ते आपसूक तुझ्या पदरात पडलं. झोप उडाली ती त्यानं, विमानाचं निमित्त.

आता घड्याळ बघ. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुलगा घरी साडेसहाला उठत असेल, तर तिथे पहाटे पाचलाच टक्क डोळे उघडून बसेल. मॉल दहाला उघडायचा, मित्रमंडळी नऊला उठायची. तोवर हॉटेलची बंद खोली, ओढलेले पडदे, टीव्हीचा रिमोट चावून झालेला, आणि "बाबा झोपलेत, हळू" म्हणत कुजबुजणारी तू. असं व्हायला नको असेल तर निघण्याआधीच ठरवून टाका, पहाटेची पाळी बाबांची. त्यांनी लेकराला खाडीवर न्यावं. खाडीच्या दोन काठांवरच्या देरा आणि बर दुबई या वस्त्यांच्या मधे अब्रा म्हणून लाकडी होड्या चालतात, 1 दिरहॅममध्ये पलीकडे. कठडा नावालाच असतो, म्हणून पोराला घट्ट धरून बसायचं. त्याला ती होडी पुरेल. 828 मीटरच्या बुर्ज खलिफाचं त्याला काय कौतुक, त्याची मान तेवढी वर जातच नाही.

संध्याकाळी उलटी गत. तिथे साडेसात म्हणजे त्याच्या पोटातल्या घड्याळाचे नऊ. मंडळींचं जेवण साडेआठला असेल तर एका रात्री तू जा, हे खोलीवर थांबतील. दुसऱ्या रात्री तू थांब. वाळूच्या टेकड्यांवर गाडी उडवतात त्या सफारीला मात्र लेकरू अजिबात न्यायचं नाही, मित्र कितीही म्हणोत.

रडण्याचं म्हणशील, तर थोडं रडेलच. विमान उतरायला लागलं की कानात दडे बसतात, गिळलं की मोकळे होतात. दूध नाहीतर पाण्याचा सिपर तेव्हासाठी राखून ठेव, चढल्या चढल्या संपवू नकोस. माझा थोरला दीड वर्षाचा असताना विमानात माझ्या अंगावर ओकला, पार साडीच्या निऱ्यांपर्यंत. त्याचे वडील शेजारी तोंड उघडं टाकून घोरत होते. बाळाचे जास्तीचे कपडे सगळ्याच आया घेतात. तू स्वतःचाही एक कुडता हातातल्या पिशवीत घाल.

तिकिटं काढली असतील तर आजच तपासा. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर बसवून कमी पैशात नेता येतं, पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात. तो रविवारी दोनचा होणार, तुम्ही परतणार सोमवारी. म्हणजे येताना त्याची वेगळी सीट लागणार, आणि हे विमानतळावर कळलं तर खिशाला भारी पडेल. त्याच्या पासपोर्टचं तू काही लिहिलं नाहीस. तान्ह्यालाही स्वतःचा लागतो आणि अर्जासोबतच्या अ‍ॅनेक्शर डी नावाच्या संमतीपत्रावर आईवडील दोघांच्या सह्या लागतात. अजून काढला नसेल तर याच आठवड्यात कामाला लागा.

राहिल्या सासूबाई. जिला सुनेला जाऊ द्यायचं नसतं, ती बाई डिसेंबरात कढईपुढे उभी राहून डिंक फुलवत नाही. त्यांचा होकार त्या लाडवांत आहे, फक्त तोंडानं म्हणवत नाहीये. मात्र त्यांत खसखस असेल तर तो डबा घरीच ठेव. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि अमिरातीत ती न्यायला सक्त मनाई आहे. "आम्हाला माहीत नव्हतं" हे तिथल्या विमानतळावर चालत नाही. आज संध्याकाळीच स्वयंपाकघरात जा आणि म्हण, "आई, दुबईचा घाणा वेगळा करा, बिनखसखशीचा."